एकोणीस उलटे पत्ते

धाकटीच्या हातात ते पत्ते आले त्या दिवसापासून भिंगताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. तशी ती पाल तिथे कायमच्याच मुक्कामाला होती म्हणा. कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढलेली बाई ती. दिव्यावरून सरकत जाणाऱ्या ताग्यातला एक तुटका धागा तिला चार हातांवरून दिसायचा. म्हणून कारखान्यात सगळे तिला भिंगताई म्हणत, आणि वरवर कितीही नाक मुरडलं तरी तिला ते नाव मनातून आवडायचं. दोष असतोच, आपल्याला दिसला नाही एवढंच, असं तिचं एकंदर जगाबद्दल मत होतं.

धाकटी बहीण अगदी उलट्या स्वभावाची. बस आगारात ती घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे गेली अठरा वर्षं लोकांना तिच्याच आवाजात कळत होतं. दोघी एका घरात राहायच्या. एक बोलायची, दुसरी ऐकायची. आगारात जन्मभर बोलणारी बाई घरी ऐकण्याचं काम करायची, हे वेगळं सांगायला नको.

सव्वा महिन्यापूर्वी धाकटीच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांच्या आत काढून टाका. आज साधी आहे, पुढची खात्री मी देणार नाही." भिंगताईने त्याच संध्याकाळी बॅग काढून झटकून ठेवली. धाकटीने मात्र ताकास तूर लागू दिली नाही. आठवडाभराने ती चष्म्याच्या दुकानाच्या वर भरणाऱ्या टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांच्या वर्गात जायला लागली, शनिवारी सकाळी. दुसऱ्या शनिवारी अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा गठ्ठा घेऊन आली. आणि तिथून घरात नवाच प्रकार सुरू झाला.

रोज सकाळी चहा झाला की धाकटी टेबलावर रुमाल पसरायची, पत्ते पिसायची, डोळे मिटायची आणि एक पत्ता उघडायची. सरळ आला तर ऑपरेशनला जायचं, उलटा आला तर थांबायचं. पत्ता उलटा यायचा. पत्त्यावरचा राजा डोक्यावर उभा, पेल्यातलं पाणी वर, घोडा चारी पाय आकाशाकडे करून.

"थांब म्हणतायत," धाकटी म्हणायची आणि रुमाल घडी करायची.

"कोण म्हणतायत? कागद?"

"ताई, तुला त्यातलं कळत नाही."

भिंगताईने पहिल्या दिवशी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी अबोला धरला. पाचव्या दिवसापासून तिने मोजायला सुरुवात केली, कारण आता तिला पक्कं वाटायला लागलं होतं की इथे पाणी मुरतंय. पाच पत्ते उलटे आले तर नशीब म्हणू. दहा आले तर योगायोग म्हणू. सोळा दिवस सोळा उलटे आले म्हणजे कुणीतरी डोळ्यांत धूळ फेकतंय. तिच्या टेबलावर लागोपाठ सोळा ताग्यांत एकाच जागी डाग निघाला असता, तर तिने ताग्याला दोष दिला नसता, सरळ यंत्रवाल्याची मान धरली असती. इथला यंत्रवाला कोण, तर वर्गातली ती पत्तेवाली बाई. लोकांना घाबरवायचं, औषधापासून तोडायचं, आणि मग तोडग्याच्या नावाखाली आपल्या दावणीला बांधायचं. धंदा जुनाच, हे चकचकीत पत्ते तेवढे नवे.

धाकटी आंघोळीला गेल्यावर तिने गठ्ठा ताब्यात घेतला. कारखान्यातलं भिंग डोळ्याला लावून अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पत्ते तपासले. कडा पाहिल्या, कोपरे पाहिले, पाठीवरची नक्षी रेघ न् रेघ पाहिली. कुठे खूण नाही, नखाचा ओरखडा नाही. आणि सगळ्या पत्त्यांची डोकी एकाच बाजूला. नवशिक्यांना गठ्ठा तसाच लावून देतात आणि पिसताना डोकी फिरवू देत नाहीत, हे धाकटीनेच सांगितलं होतं. मग सरळ लावलेल्या गठ्ठ्यातून रोज उलटा पत्ता निघतो कसा? भिंगताई नळाचा आवाज थांबेपर्यंत विचार करत बसली आणि गठ्ठा होता तसा ठेवून दिला. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. पाठची एकुलती एक बहीण, आणि ती रोज एकेक दिवस त्या रुमालावर घालवत होती.

बुधवारी कामावर अर्धा दिवस रजा टाकून भिंगताईने स्वतःच वर्गात नाव घातलं. शनिवारच्या वर्गात धाकटी असणार, म्हणून बुधवार. आज सकाळचा पत्ता एकोणिसावा, आणि उलटा. बाईचं बिंग फोडूनच यायचं असं ठरवून ती जिना चढली.

पत्तेवाल्या बाई तिला वाटल्या होत्या तशा निघाल्या नाहीत. ना कपाळभर काजळ, ना उदबत्तीचा धूर. सुती कपडे, नाकावर खालच्याच दुकानातला चष्मा, आणि फळ्यावर चार रांगा: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. समोर तीन बायका आणि एक निवृत्त पोस्टमन बसले होते. भिंगताईचा संशय कमी न होता वाढला. चोर साधाच दिसतो.

"अर्थ पाठ करू नका," बाई म्हणाल्या. "आधी दिसतं काय ते सांगा. अर्थ मागाहून."

कोपऱ्यात दुसरा एक गठ्ठा होता, त्यावर चित्रं आणि एकेक वाक्य. पोस्टमनने हात लावताच बाई म्हणाल्या, "ते संदेशाचे पत्ते शेवटच्या महिन्यात. त्यांना नियम कमी. आधीच हातात दिले की माणसं पत्त्याच्या तोंडून आपलंच म्हणणं वदवून घेतात."

भिंगताईची पाळी आली. तिने वरचा पत्ता खालच्या कडेला धरला आणि वर उचलून पलीकडे पालथा केला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"कॅलेंडरचं पान उलटतो तसं नाही, ताई. दार उघडतो तसं, बाजूने. नाहीतर सरळ असलेला पत्ता डोक्यावर उभा राहतो. असू दे, पहिल्या दिवशी सगळे हेच करतात."

भिंगताईच्या हातातला पत्ता खरंच डोक्यावर उभा होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली. एकोणीस दिवसांचं कोडं असं चुटकीसरशी सुटलं. वेडी बाई कॅलेंडर उलटत होती! म्हणजे पत्ते एकोणीस दिवस घसा फोडून जा जा म्हणत होते. पत्त्यांवर काडीचा विश्वास नसलेल्या भिंगताईला त्या क्षणी ते पत्ते सख्खे वाटले.

"काय दिसतं?" बाईंनी पत्ता सरळ करून विचारलं.

"बाई दिसते. डोळ्यांवर पट्टी. भोवती आठ तलवारी रोवलेल्या." भिंगताईने सवयीने मान पुढे काढली. "दोर सैल बांधलाय. पाय तर बांधलेलेच नाहीत. समोर तलवारही नाही. हा माल मी परत पाठवला असता."

पोस्टमन हसला. बाई हसल्या नाहीत. "आणि अर्थ?"

"अर्थ कसला? जाता येतंय, पण जात नाहीये."

"तुम्हाला वाचता येतं," बाई म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर भिंगताईने बाईंना जिन्यात गाठलं. आगारात घोषणा करणाऱ्या बहिणीबद्दल विचारलं, आणि मनात होतं ते तोंडावर विचारून टाकलं. "तिला ऑपरेशन करू नको म्हणून तुम्ही सांगितलंत?"

"मी सांगितलं, डॉक्टरचा प्रश्न डॉक्टरला विचार. पत्ते तारखा देत नाहीत." बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "हुशार आहे हो ती. पत्ता कसा उघडायचा ते पहिल्याच दिवशी, न सांगता जमलेली ती एकटीच. पण दोनच शनिवार आली. नंतर दोन शनिवार तिचा पत्ता नाही."

भिंगताई मनात हिशोब मांडायला लागली. न सांगता जमलेली! मग घरी कॅलेंडर कोण उलटत होतं, आणि का? आणि दर शनिवारी वर्गाला जाते म्हणून दोन तास बाहेर असते ती कुठे? सव्वीस वर्षांत यंत्रवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. धाकटीवर घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

गुरुवार आणि शुक्रवार तिने जीभ दातांखाली धरून काढले. धाकटी पत्ता उघडायची आणि भिंगताई तिच्या बोटांकडे बघायची. खालची कडा, वर, पलीकडे. न चुकता.

शनिवारी तिने धाकटीच्या मागे थोडं अंतर ठेवून चालायला सुरुवात केली. धाकटी चष्म्याच्या दुकानावरून तशीच पुढे गेली आणि आगारात शिरली, सुट्टीच्या दिवशी. घोषणेच्या खोलीचं दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला. भिंगताई दाराला कान लावून उभी राहिली. आत धाकटीचा आवाज चालला होता, पण बाहेर कर्णे गप्प होते. फलाटावर कुणी मान वर करत नव्हतं.

"ताई, दार उघड. मीच आहे."

भिंगताई दचकून मागे सरली. मग लक्षात आलं, हे तिला उद्देशून नव्हतं.

"ताई, जेवलीस का?" आत जरा थांबून धाकटी स्वतःशीच म्हणाली, "नको, हे चिडल्यासारखं झालं." पुन्हा, सावकाश, "ताई, जेवलीस का?"

भिंगताईने दार ढकललं. धाकटीसमोर माईक, शेजारी आवाज साठवायचं यंत्र आणि हाताने लिहिलेला कागद. तिने यंत्र बंद केलं आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय," तीच म्हणाली. "आवाज वाचवायचा प्रयत्न करू म्हणाले डॉक्टर. शब्द दिला नाही. तू तेव्हा बाहेर फॉर्मवरून भांडत होतीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दहा डॉक्टर पालथे घातले असतेस. रोज माझा गळा तपासला असतास. मला घाबरायचं होतं ग, ताई. तू मला नीट घाबरूसुद्धा देत नाहीस. पत्ते थांब म्हणतात म्हटल्यावर तू पत्त्यांशी भांडत बसलीस, तेवढी मी सुटले."

भिंगताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. एकोणीस दिवस ती पत्त्याचे कोपरे तपासत होती. पत्ता धरलेल्या माणसाला, तुला भीती वाटते का, एवढं एकदाही विचारलं नव्हतं.

"वाटते ना भीती?" तिने आता विचारलं.

"खूप."

"मलाही."

हे ती जन्मात पहिल्यांदा म्हणत होती. धाकटीने सरकून बाकावर जागा केली. भिंगताई तिला खेटून बसली.

"सगळ्या गाड्यांच्या घोषणा मागच्याच शनिवारी भरून झाल्या," धाकटी म्हणाली. "आता घरचं तेवढं राहिलंय. सोमवारी डॉक्टरांना फोन करते."

भिंगताईने कागद घेतला. चहा टाकू का. छत्री घेतलीस का. आज लवकर ये. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, आणि सवय जाते कुठे.

"यात भांडण नाही," ती म्हणाली. "सगळं गोड गोड. उद्या आवाज नाही आला तर अशा बाईबरोबर मी दिवस कसे काढू?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, यंत्र सुरू केलं आणि तोंड माईकजवळ नेलं.

"ताई, गप्प बस."

आणि भिंगताई गप्प बसली.