साठाला तीन कमी

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने फिरवायची मशीन आहे. विहिरीवरच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारीत घालायची तांब्याच्या तारेची वेटोळी माझ्यावर गुंडाळतात. एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला फेरे मोजणाऱ्या आकड्यांची डबी, एवढाच माझा संसार. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर इनायतभाईंच्या दुकानात मी १९८३ साली आले. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! उन्हाळ्यात मोटारींची रांग लागायची आणि भाई रोज मला पुसून तेलाचा थेंब पाजायचे.

पुढे भाईंची नजर अधू झाली. मग त्यांनी हाताखाली नंदाबाईला शिकायला घेतलं. तिचा नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात हंगामापुरता कामाला. बारा महिने चूल पेटावी म्हणून ती जीव लावून शिकत होती. भाई स्वतः फेरे तोंडाने मोजायचे. तिला मात्र त्यांनी बजावलं, की आकड्यावर नजर ठेव, साठ झाले की थांब. इथंच घोडं पेंड खात होतं.

तिने भरलेली मोटार आठ दिवसांत जळाली. भाईंनी पदरची तार घालून ती पुन्हा भरून दिली. मग दुसरी जळाली, तिसरीही जळाली. तार गेली, शिकवण्यात भाईंचे दिवस गेले, गिऱ्हाईक दुसरीकडे वळू लागलं. भाईंची बायको सुगराबी म्हणाली, हिच्या पगारापेक्षा हिला शिकवायचाच खर्च जास्त आहे. शनिवारपर्यंत बघतो, भाई म्हणाले. नंदाबाईने ते ऐकलं आणि पदराने डोळे पुसले.

खरं काय ते मला ठाऊक होतं. माझ्या डबीतलं एक दातेरी चाक झिजलं होतं. ते मध्येच एखादा आकडा गाळून पुढे उडी मारायचं. फेरे कमी पडले की मोटार तापते आणि जळते. मला लाज वाटायची, पण सांगू कशी?

शनिवारी तिने वेटोळं गुंडाळायला घेतलं. भाई शेजारी दुसरं काम करत होते, पण मूठ फिरली की त्यांचे ओठ हलायचेच. जुनी खोड ती.

"झाले साठ, भाई."

"थांब बाई. माझे सत्तावन्नच झाले."

"मी आकडा बघूनच थांबले. मनानं न्हाई थांबले."

भाईंनी मला जवळ ओढलं. स्वतः सावकाश मूठ फिरवून पाहिली, डबी उघडली, चाक चष्म्यापाशी धरलं. झिजलेल्या दातांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"तू बराबर व्हतीस, बाई. इतकी वर्षं मी ह्या आकड्याकडं बघितलंच न्हाई."

नंदाबाईचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. भाईंनी नवं चाक बसवलं. तिन्ही मोटारवाल्यांना बोलावून, चूक बाईची नव्हती, आपली होती, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

आता दुकान नंदाबाई सांभाळते आणि भाई दारात खुर्ची टाकून बसतात. कामावर नवं कुणी आलं की ती आधी साठ फेरे तोंडाने मोजून मला तपासते, मगच त्याच्या हाती देते. तेव्हा मित्रांनो, नवशिक्याचं काम बिघडलं तर आधी त्याला दिलेलं अवजार बघा. अवजाराला तोंड नसतं, आणि नवशिक्याला असलं तरी तो ते उघडत नाही.