शिवेपर्यंत

"हे बयनाबाईंनी दिलं," ओट्यावर बसून बुटाची नाडी सोडता सोडता पाहुणी आलेली दामिनी म्हणाली आणि पाठपिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढून तिने प्रयागबाईंच्या हातात ठेवली. "आणि निरोप आहे. सोमवारपासून तिकडे कोणाला पाठवू नका म्हणाल्या. लॉज बंद करताहेत."

प्रयागबाईंच्या दुसऱ्या हातात पाय धुवायच्या गरम पाण्याचा तांब्या होता. तो कलला आणि पाणी पायांऐवजी बुटांत गेलं.

"काऊन बंद?"

"मुलगा न्यायला येतोय, मुधोळला. गुडघे फार दुखतात त्यांचे."

पैनगंगेच्या काठाने चालत सुटी घालवायला माणसं येतात आणि त्याचे पैसेही देतात, ही गोष्ट जैनथच्या बाजूला अजून कोणाच्या नीटशी गळी उतरलेली नाही. इथला माणूस चालतो तो बस चुकली म्हणून. ही मंडळी घरी मोटार ठेवून येतात, दिवसभर बांधाबांधाने हिंडतात, कपाशीच्या पऱ्हाटीत उभं राहून फोटो काढतात आणि संध्याकाळी "किती शांत आहे इथे" असं मोठ्याने म्हणतात. पहिल्या वर्षी उत्तमरावांना वाटलं होतं, यांच्यावर गावाकडे केस चालू असावी. मग त्यांनी कापसाची खोली रिकामी केली, मध्ये भिंत घातली, चुना मारला आणि बायकोच्या नावाची पाटी लावली: प्रयाग लॉज. खोल्या दोन, अंगणात कडुनिंब, न्हाणी बाहेर. पाहुणे न्हाणीचेही फोटो काढत.

एका दिवसाच्या चालीवर, नदीच्याच काठाला, बयनाबाईंचा असाच लॉज होता. नवरा वारलेला, मुलगा भारत मुधोळला किराणा दुकान चालवणारा. आज इथे मुक्काम करणारा उद्या तिथे, तिथला इथे. त्यामुळे या दोघी पाच-सहा वर्षं एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. भेटल्या तेवढ्या नव्हत्या. काठाची वाट सुटीवरच्या लोकांसाठी. घरच्या माणसाला जायचं तर आदिलाबादला जाऊन बस बदलावी लागे, आणि हंगामात लॉज सोडून कोण जाणार? फोन होता. एकदा लावलाही. दोघी एकदमच "जेवल्या का?" म्हणून ओरडल्या, एकदमच "हो" म्हणाल्या, आणि पुढे काही न सुचल्याने दोघींनी फोन ठेवून दिला.

खरं बोलणं व्हायचं ते पाहुण्यांच्या तोंडून. इथून लिंबाचं लोणचं गेलं की तिकडून निरोप यायचा, "तिले सांगजा, मीठ कमी हाय." पुढच्या पाहुण्याबरोबर उत्तर जायचं, "मीठ विकत भेटते म्हणा." हैदराबादचे एक नामांकित डॉक्टर हे उत्तर विसरू नये म्हणून वाटभर पुटपुटत गेले होते.

दोघींचा नियमही एकच होता. पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायला जायचं आणि तो वळणाआड होईपर्यंत मागे फिरायचं नाही. कोणी कोणाकडून घेतला कोण जाणे.

दामिनी गेल्यावर प्रयागबाई म्हणाल्या, "मले तिले भेटा लागते."

"बरं," उत्तमराव म्हणाले. "सुरेंद्राचा ऑटो सांगतो, आदिलाबादपर्यंत."

"चालत जाईन."

"पागल झाली काय वं? गुडघे तिचे गेले, डोकं तुहं काऊन गेलं?"

"इतके लोक पैसे देऊन चालतात. मी फुकट चालली तर तुमचं काऊन दुखते?"

"अन् मी?"

"तुमी या संगं. पर तिथं तोंड उघडू नोका. आपण कोण ते सांगाचं नाई. एकडाव मले पावणी होऊन पाहाचं हाय."

रविवारी कोणी उतरलेलं नव्हतं. दोघं पहाटे निघाली. चालणं उत्तमरावांना जड गेलं नाही. तोंड न उघडण्याची तालीम करणं गेलं.

दुपार कलताना बयनाबाईंचं अंगण आलं. पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली होती. दारात गाद्यांची बोचकी बांधून ठेवलेली. जाड चष्म्याची एक ठेंगणी बाई काठी टेकत बाहेर आली.

"या, बसा. आंधी पाय धुवा. बांधाबांध चालू हाय, पसारा दिसते. पर आलेले पावणे परत पाठवत नसते. तुमी शेवटचे."

तिने पायांवर ऊन पाणी ओतलं. प्रयागबाईंनी आजवर शेकडो पायांवर ते ओतलं होतं. पाणी पडलं की बोलघेवडा माणूसही गप्प का होतो, ते त्यांना आज कळलं.

"कोण्या गावचे?" बयनाबाईंनी विचारलं.

उत्तमरावांनी आभाळाकडे पाहिलं.

"तिकडचे, वरच्या बाजूचे," प्रयागबाई म्हणाल्या.

"यायले ऐकू येत नाई काय?"

"कमी येते."

जेवायला बसल्यावर प्रयागबाई दोनदा उठल्या, एकदा पाणी घ्यायला आणि एकदा चुलीतलं लाकूड मागे ओढायला. दोन्ही वेळा बयनाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा ना वं बाई. पैसे देता, अन् कामं करता?"

मग ज्वारीच्या भाकरीशेजारी त्यांनी लोणच्याची फोड वाढली.

"हे तिकडच्या लॉजवाल्या बाईचं हाय. मीठ कमी टाकते, पर हाताले चव काय हाय तिच्या! लोक इथं येऊन तिच्याच सयपाकाचं सांगतात. मले वाटते, अशी एक बहीण पाह्यजे होती. मुधोळले जाचं दुःख नाई मले. तिले न पाहता जाऊन राह्यली, एवढंच."

पाण्याचा घोट घेऊन, ताटाकडेच पाहत प्रयागबाई म्हणाल्या,

"मीठ विकत भेटते."

भाकरीची टोपली बयनाबाईंच्या हातात तशीच राहिली. त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली केला.

"प्रयाग?"

"हो."

"मंग आंधी काऊन नाई सांगतलं? मी तुह्या लोणच्याची तारीफ करून बसली ना!"

"ऐकली."

"तुनं ऐकाचं नोतं ते!"

आणि बयनाबाई तिथेच, टोपली मांडीवर घेऊन खाली बसल्या. दोघी एकमेकींचा हात धरून राहिल्या. उत्तमरावांनी आता बोलायला हरकत नाही असं समजून खाकरून सुरुवात केली. पण झोपेपर्यंत त्यांचं कोणी ऐकलं नाही.

भारत दुपारी जीप घेऊन येणार होता. सकाळी बयनाबाई काठी घेऊन निघाल्या.

"तू कायले येते? गुडघे पाह्य तुहे," प्रयागबाई म्हणाल्या.

"पावण्याले दारातूनच वाट दाखवतात काय? चाल."

शिवेवर शेंदूर लावलेला मारुतीचा दगड होता. तिथे तिघं थांबली.

"जाय आता."

"तू फिर आंधी."

"पावण्याच्या आंधी फिरत नसते."

प्रयागबाई निघाल्या. नियम त्यांचाही होता.

वाट हरभऱ्याच्या शेतांतून सरळ जाऊन पळसांपाशी नदीकडे वळत होती. प्रयागबाई आजवर उभं राहणाऱ्यांतल्या. पाठ फिरवून जायची त्यांना सवय नव्हती. थोडं गेल्यावर त्यांनी मागे पाहिलं. बयनाबाई काठीवर भार देऊन उभ्याच होत्या.

"पाय उचल," उत्तमराव म्हणाले. "तिचे गुडघे दुखत असतीन. आपण वळलो का जाईन ती घरी."

प्रयागबाईंनी पाय उचलला. पळस जवळ आले. आणखी चार पावलं टाकली की वळण.

प्रयागबाई बांधावर बसल्या, चप्पल काढली आणि पाय मांडीवर घेतला.

"काय झालं?"

"काटा भरला."

उत्तमराव वाकले. टाच पाहिली, बोटं पाहिली. काटा कुठेच नव्हता. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे शिवेकडे. पाहुणी बसलेली पाहून बयनाबाईही मारुतीच्या दगडाशेजारी बसल्या होत्या. काठी मांडीवर, तोंड वाटेकडे.

उत्तमराव खाली बसले. धोतराच्या सोग्याने त्यांनी चष्मा पुसला आणि बायकोचा पाय दोन्ही हातांत घेतला.

"लई खोल गेला दिसते," ते म्हणाले. "वेळ लागंन."