चिखलाचे टायर

सिद्धनाथने टायरच्या नक्षीत अंगठा घातला. तो पार मुळापर्यंत आत गेला, तरी त्याचं समाधान होईना. भिंतीला टेकवलेला दुसरा टायर त्याने पुढे ओढला, त्यातही अंगठा घालून बघितला आणि विचारलं, याहून खोल नक्षीचा नाही का?

वीरभद्रप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. भवानी पेठेतल्या या दुकानात त्यांची अर्धी हयात गेली होती. येणारं गिऱ्हाईक टायर टिकेल किती, ॲव्हरेज पडेल का, एवढंच विचारतं. हा गडी आल्यापासून नुसती खोली बघत होता.

"ह्याच्या पुढं ट्रॅक्टरचाच टायर बघा आता," ते म्हणाले. "कुठल्या डोंगरात घालणार आहात गाडी?"

"डोंगर कुटला, मालक. घरी जायाचंय."

हे उत्तर हिंदुरावांनी दिलं. हिंदुराव म्हणजे सिद्धनाथचे थोरले चुलतभाऊ. जीपच्या खिडकीतून ऊन आत येत होतं म्हणून ते दाराशी उभे राहून खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून धरत होते. आत पुढच्या सीटवर त्यांची बायको केराबाई बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, आणि सकाळी जिथं ठेवला तिथंच तो अजून होता. दर पंधरवड्याला सिद्धनाथ तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणायचा. गेल्या श्रावणापासून त्याने एकही खेप चुकवली नव्हती. आज दवाखाना उरकल्यावर टायर बघून जाऊ, असं तोच म्हणाला होता.

हिंदुरावांना बोलायला माणूस मिळाला की झालं. मंगळवेढ्याच्या पुढे आपलं गाव कुठं, गावापासून आपली वस्ती किती आत, सगळं त्यांनी वीरभद्रप्पांना सांगितलं. वस्तीकडे जायला नुसती पाणंद होती. मागच्या वैशाखात सरकारी मशीन आलं, मुरूम पडला, झकास रस्ता झाला. पार वस्तीच्या तोंडाशी आला आणि निधी संपला. राहिला तो ओढ्याकाठचा तुकडा, सगळी काळी माती. श्रावणात केराबाई गोठ्यात कोसळली, तोंड वाकडं झालं. सिद्धनाथने तिला जीपमध्ये घातलं, आणि जीप नेमकी त्या तुकड्यात रुतली. चाकं फिरायची आणि गाडी आणखी खाली जायची. शेवटी चौघांनी घोंगडीची झोळी करून तिला मुरमाच्या रस्त्यापर्यंत नेलं, मग दुसऱ्या गाडीची वाट बघितली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

"पर सिद्धू नसता तर केरा गेलीच असती," हिंदुरावांनी शेवट केला.

हे वाक्य ते सगळ्यांना सांगायचे. बाजारात, लग्नात, दवाखान्यातल्या नर्सबाईंनासुद्धा. आणि दर वेळी सिद्धनाथ काहीतरी निमित्त काढून तिथून सटकायचा.

कारण निधी संपलाच नव्हता. त्या तुकड्यात सिद्धनाथच्या वडिलांनी कधीकाळी डाळिंबाची एक ओळ लावून टाकली होती. नकाशात तिथं पाणंद होती, रानात डाळिंबं होती, आणि लोक झाडांच्या कडेने, बांधाखालच्या गाळातून ये-जा करायचे. मशीन आलं तेव्हा ओळ फळांनी लगडलेली. सिद्धनाथने सरपंच महेश्वरला बाजूला घेतलं आणि एवढा बहार निघू दे म्हणाला, मग झाडं मीच काढून देतो. महेश्वर त्याच्या बरोबरीचा, शाळेतला दोस्त. त्याने मशीन मागं वळवलं आणि गावात निधी संपल्याचं सांगून टाकलं. बहार चांगला गेला. तोवर पावसाळा लागला, मग श्रावणात ते झालं. त्यानंतर तरी काढायची ना झाडं? पण दिवाळीनंतर बघू म्हणता म्हणता फांद्यांना पुन्हा कळी आली, आणि सिद्धनाथ पुन्हा औषध फवारायला लागला. फवारताना त्याला स्वतःची लाज वाटायची. तरी तो फवारायचा.

आता हिंदुरावांची सून प्रियंका पोटुशी होती. नवरा पुण्याच्या कंपनीत, ती वस्तीवर सासू-सासऱ्यांपाशी. आषाढात दिवस भरत होते. ती कमरेवर हात ठेवून अंगणात उभी दिसली की सिद्धनाथ मान खाली घालून निघून जायचा. मग एक दिवस त्याला चिखलाच्या टायरची कल्पना सुचली आणि त्याला केवढं हलकं वाटलं. टायर घातले की गाडी रुतणार नाही. गाडी रुतली नाही की पोरीला काही होणार नाही. झाडांचा प्रश्नच येत नाही.

वीरभद्रप्पा उठून आले. त्यांनी टायरच्या ठोकळ्यांवरून हात फिरवला.

"टायर उत्तम आहे. काळी माती ह्या खाचांत बसते, मग चाक जरा जोरात फिरवायचं, की ती उडून जाते. पण खाली धरायला काहीतरी टणक लागतंच बघा. लई पाऊस झाला तर टायर तरी काय करणार?" मग त्यांनी जीपकडे बघितलं. "आणि डांबरावर हा वाजणार. बसलेल्या माणसाला हिसके बसणार. एवढ्याशा तुकड्यासाठी चार टायर घालता, त्यापेक्षा मुरूम टाका की ओ तिथं."

हिंदुराव मोठ्याने हसले. सरकारला सांगा म्हणाले.

"हेच घाला," सिद्धनाथ म्हणाला.

जीप जॅकवर चढवायची म्हणून दोघा भावांनी केराबाईला उतरवून दुकानाच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. हिंदुरावांनी तिचा पदर नीट केला, उजवा हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. मग त्यांना आठवलं की नव्या टायरखाली ठेवायला लिंबं नाहीत. सिद्धनाथने राहू दे म्हटलं, पण ते ऐकायला तयार होईनात. लिंबं, नारळ, हळदीकुंकू, सगळं घेऊन येतो म्हणाले आणि टॉवेल डोक्यावर टाकून पेठेत शिरले. वीरभद्रप्पा आतल्या अंगाला पहिला टायर रिमवर चढवायला लागले.

खुर्चीच्या दांडीवर टकटक झाली. केराबाई डाव्या हाताने बोलावत होती. पाणी पाहिजे का, असं विचारत सिद्धनाथ जवळ गेला. तिने मान हलवली. ती चाकं काढलेल्या जीपकडे बघत होती.

"चिखलाचं?" तिने विचारलं.

"व्हय, वहिनी. आता न्हाय रुतायची."

एके काळी केराबाईने शेरडांना घातलेली हाक ओढ्यापलीकडे ऐकू जायची. आता एकेक शब्द गोळा करायला तिला वेळ लागायचा. सिद्धनाथ वाट बघत उभा राहिला.

"मी... लिंबाखाली व्हते," ती म्हणाली. "शेरडं घिऊन."

त्याला आधी काही कळलं नाही. मग तिने डावा हात उचलला, मशीन मागं वळावं तसा हवेत एक सावकाश वळसा घेतला आणि हात खाली ठेवला. बांधावरचा कडुलिंब सिद्धनाथच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या सावलीत शेरडं बसली होती. महेश्वरशी बोलताना त्याने ती बघितली होती. शेरडं होती म्हणजे तीही बुंध्याआड असणारच. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

तेव्हा केराबाई धडधाकट होती, तिचं तोंड चांगलं चालत होतं. तरी तिने घरात चकार शब्द काढला नव्हता. आणि श्रावणात, त्याच गाळात रुतलेल्या त्याच जीपमध्ये, ती पडून होती.

"दादाला म्हाईत हाय?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"सांगू... नगं," ती म्हणाली. "लई जीव हाय त्यांचा... तुज्यावर."

सिद्धनाथ तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. तिने चार शिव्या घातल्या असत्या, तोंडावर थुंकली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं. दादांच्या पायावर डोकं ठेवून एकदाचं सांगून टाकावं, असं त्याने कितीदा तरी मनात घोळवलं होतं. आता तीही वाट राहिली नाही.

"मग मी काय करू, वहिनी?"

केराबाईने त्या नव्या, काळ्याकुळकुळीत टायरकडे बघितलं.

"घरात... पोटुशी पोरगी हाय," ती म्हणाली.

हिंदुराव घामाघूम होऊन परतले. चारी चाकं बसल्यावर त्यांनी स्वतः वाकून प्रत्येकाखाली लिंबू ठेवलं, टायरला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा सिद्धनाथच्या हातावर ठेवला आणि वीरभद्रप्पांना म्हणाले, माझ्या सुनेसाठी घेतलेत हो यानं, सख्खा असता तर एवढं केलं नसतं. सिद्धनाथने खोबरं तोंडात टाकलं. ते चघळतच त्याने दादांबरोबर वहिनीला उचलून पुन्हा पुढच्या सीटवर बसवलं.

"घे पुढं, सिद्धू," हिंदुराव मागच्या सीटवरून म्हणाले. ते नेहमी असंच म्हणायचे. त्यांचं वाक्य सिद्धूने सुरू व्हायचं नाहीतर सिद्धूवर संपायचं.

लिंबं चिरडून जीप निघाली. वीरभद्रप्पा म्हणाले होते तसे टायर डांबरावर घुमायला लागले. प्रत्येक खड्ड्याला केराबाईचा निर्जीव हात मांडीवरून घसरायचा आणि ती डाव्या हाताने तो पुन्हा जागेवर ठेवायची. मंगळवेढ्याला डिझेल भरताना सिद्धनाथ बाजूला गेला आणि त्याने महेश्वरला फोन लावला. पावसाच्या आत मशीन पाठव म्हणाला. महेश्वरने झाडांचं काय, असं विचारलं. सकाळी ओळ मोकळी दिसेल, असं सांगून त्याने फोन ठेवला. मशीनने झाडंही काढली असती, हे त्याला कळत होतं. पण उद्यावर टाकलं तर रात्रीतून आपल्याला काहीतरी कारण सुचेल, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

दिवस कलायच्या आत ते पाणंदीला लागले. मुरमाचा रस्ता पहिल्या डाळिंबापाशी आला आणि तिथं तोडल्यासारखा संपला. एरवी इथं गाडी डावीकडे, बांधाखाली उतरायची. सिद्धनाथने ती उतरवली नाही. तो थांबला, गाडी वळवून मागचं तोंड झाडाकडे केलं आणि खाली उतरला. डाळिंबाचे क्रेट बांधायचा जाड दोर त्याने सीटखालून काढला, पहिल्या झाडाच्या बुंध्याला खाली आवळून बांधला आणि दुसरं टोक गाडीच्या हुकात अडकवलं.

हिंदुराव गडबडीने उतरले.

"सिद्धू, आरं हे काय करतुयास? बहार उभा हाय की."

सिद्धनाथ जाऊन स्टिअरिंगवर बसला, चारी चाकांचा गिअर टाकला. दोर ताणला. नव्या टायरांनी मुरमात पकड घेतली, जीप जागेवर थरथरली आणि मग मुळं तुटल्याचा आवाज झाला. झाड कललं, आडवं झालं आणि फळांसकट मातीतून ओढलं गेलं. अर्धी कच्ची डाळिंबं रस्त्यावर गडगडत गेली. आवाजाने प्रियंका वस्तीवरून बाहेर आली आणि पोटावर हात धरून लांबूनच बघत उभी राहिली.

हिंदुराव खड्ड्यापाशी उभे होते. त्यांनी खड्ड्यात बघितलं. मग मागं वळून मुरमाचा रस्ता बघितला, तो जिथं संपत होता ती जागा बघितली, आणि पुढची झाडं एका रेषेत कुठवर जातात ते बघितलं. रस्ता आणि ओळ एकाच सरळ रेषेत होती.

"निधी..." ते म्हणाले आणि थांबले.

सिद्धनाथला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. त्याने नजर काढून घेतली. शेजारी केराबाई समोर बघत बसली होती. तिच्या डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला होता.

खाली उतरावं की बसून राहावं, ते सिद्धनाथला कळेना. दादांनी काठी घेऊन यावं, असं त्याला मनापासून वाटलं. ते आले नाहीत. ते पडलेल्या झाडापाशी वाकले. गाठ घट्ट बसली होती, ती सोडवायला त्यांना वेळ लागला. मग दोर ओढत ते दुसऱ्या झाडाकडे गेले, फांद्यांखाली शिरले, बुंध्याला दोन वेढे दिले आणि गाठ मारून ओढून बघितली. सदऱ्याला लागलेली माती न झटकताच ते बाजूला सरले.

"घे पुढं," ते म्हणाले.

सिद्धनाथ क्लचवर पाय ठेवून आणखी एका शब्दाची वाट बघत थांबला. मग त्याने गाडी पुढे घेतली.