मला भाव मिळत नाही

माझ्या मुलीनं, संघमित्रानं, साहित्य आणि अर्थशास्त्र अशी जोडपदवी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं होतं की अर्थशास्त्र जेवण आहे आणि साहित्य लोणचं. लोणच्यासाठी चार वर्षं कोण घालवतं? ती हसली आणि तिनं दोन्ही विषय घेतले. आता दुसरं वर्ष संपत आलं होतं. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरला तर साहित्य सोडता येणार होतं. ते सोडायला लावायचंच, असा चंग बांधून मी आमच्या अमेरिकेतल्या हर्नडन गावाहून दोन तास गाडी चालवत तिच्या युनिव्हर्सिटीत पोचलो. निमित्त तिच्या प्रेझेंटेशनचं.

वर्ग लहान, जेमतेम पंधरा मुलं. मी मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलो. पडद्यावर पहिलंच चित्र आलं आणि माझी घडी सुटली. ते माझ्या आईचं अक्षर होतं.

आई नागपूरला संत्री विकते. पन्नाशीत प्रौढांच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकली. मी अमेरिकेत आलो, तेव्हा शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून मला चार-चार ओळींची पत्रं पाठवायची. माझ्या बायकोनं, रुपालीनं, ती जपून ठेवली होती. पोरीनं ती कधी नेली, मला पत्ताच नाही.

पडद्यावरचं पत्र मला पाठ होतं. 'संत्री यंदा चांगली आली. पण शैलू, मला भाव मिळत नाही.' ते वाचून मी त्याच दिवशी शंभर डॉलर पाठवले होते, आणि पुढे दर महिन्याला आपोआप जातील अशी सोय केली होती. त्याला चौदा वर्षं झाली. या सोयीचा मला अभिमान होता, लपवत नाही.

संघमित्रा इंग्रजीत बोलत होती. मराठीत भाव म्हणजे दर, तिनं मुलांना सांगितलं, भाव म्हणजे भावनाही, आणि भाव देणं म्हणजे एखाद्याची कदर करणं, त्याला विचारणं. मग तिनं एक आलेख दाखवला. त्या हिवाळ्यातले नागपूरच्या बाजारातले संत्र्यांचे रोजचे दर. रेघ सारखी वरच चढत होती.

"म्हणजे आजी दराबद्दल बोलत नव्हती," ती म्हणाली.

मग तिनं बाकीची एकवीस पत्रं एकाखाली एक मांडली. सगळीकडे आईनं 'संत्र्याला भाव' असं लिहिलं होतं. 'मला' फक्त याच पत्रात होतं. आणि आधीच्या तीन पत्रांत एकच प्रश्न होता, फोन का करत नाहीस?

मी थक्क झालो. जिला अजून 'तो भात' की 'ती भात' कळत नाही, त्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं माझ्या आईला माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. दर पाहिले नसते तर तिला हे सिद्ध करता आलं नसतं, आणि तो एक शब्द खटकला नसता तर दर पाहायची बुद्धीच झाली नसती. माझे डोळे भरून आले. थोडी लाज होती, पण जास्त तिचं नवल होतं.

बाहेर आल्यावर ती माझ्याकडे बघेना.

"बाबा, आय माइट बी राँग. तुला राग आला?"

"नाही."

"फॉर्मचं बोलायला आलास ना? लिटरेचर ड्रॉप करू?"

"खबरदार," मी म्हटलं. "दोन्हीतलं एकही सोडायचं नाही."

ती पुढच्या तासाला गेली. मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो. इथे अकरा वाजले होते, म्हणजे नागपुरात रात्रीचे साडेआठ. आईचं जेवण उरकलं असणार. मी फोन लावला.

"जय भीम, आई."

"जय भीम. पैसे पोचले रे," ती घाईघाईनं म्हणाली. "परवाच पोचले. काळजी नको करू. ठेवू?"

"पैशांसाठी नाही केला, आई. तुझ्याशी बोलायला केला."

मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"थांब," आई म्हणाली. "खुर्ची घेते."