कोर्टाच्या आवारातली मोसंबी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नियाज बागवान सत्तरीला टेकेपर्यंत या बाबतीत पुरता शहाणा राहिला होता. मार्केट यार्डातल्या फळांच्या गाळ्यावर उभा जन्म काढला, भांडणं केली, शिव्या खाल्ल्या, दिल्या, पण सगळं गाळ्यावरच मिटवलं. आता गाळा मुलगा शहेजाद बघत होता आणि नियाजला नात मेहजबीनच्या शिक्षणाखेरीज दुसरा उद्योग नव्हता.

पोरगी हुशार होती. बारावी झाली होती, सीईटीला मार्क चांगले पडले होते आणि वाघोलीच्या कॉलेजात कम्प्युटरला तिचा नंबर लागणार हे दिसत होतं. मात्र ओबीसीतून. त्यासाठी जातीचा दाखला पडताळणी होऊन हातात हवा, आणि पडताळणीला ऑक्टोबर सदुसष्टच्या आधीचा असा कागद हवा, ज्यावर घराण्यातल्या कुणाच्या तरी नावापुढं ‘बागवान’ ही जात लिहिलेली आहे. अशा कागदाला आपल्याकडं सोन्याचा भाव. नियाजच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जात लिहिली होती ‘मुसलमान’. मास्तरांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

आणि वडिलांचे कागद? वडीलच नव्हते, तर कागद कुठले! पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नियाज चार वर्षांचा. नदीकाठच्या वस्तीतलं त्यांचं घर गेलं, पेटी गेली आणि वडील गुलाब बागवान गेले. नियाजची आई मदिनाबी पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला आली ती एकटी, पोराला काखोटीला मारून. लोकांची धुणीभांडी केली, टोपलीत फळं घेऊन दारोदार फिरली. पोरानं विचारलं की एवढंच म्हणायची, “तेरे अब्बा कू पानी ले गया.” दर वर्षी बारा जुलैला ती फातिहा द्यायची आणि ताटात एक मोसंबी ठेवायची.

मोसंबी कशासाठी, ते नियाजनं सगळ्या नातवंडांना सांगून झालं होतं. बापाची त्याला एकच आठवण होती. मोठं झाड, दगडी पायऱ्या, काळे डगले घातलेले पुष्कळ व्यापारी. पायरीवर बसलेल्या अब्बांच्या मांडीवर तो. अब्बा मोसंबी दोन्ही तळव्यांत घोळवतायत, अंगठ्याच्या नखानं सोलतायत, फोडीची पांढरी साल उघडून एकेक बी बाहेर काढतायत आणि नुसता गर त्याच्या तोंडात घालतायत. ही जागा म्हणजे जुनी मंडई, असं अम्मा सांगायची. पुराच्या आधीची गोष्ट. नियाजनं हीच रीत उचलली. सगळ्या मुलांना, नातवंडांना त्यानं मोसंबी अशीच भरवली. मेहजबीन अठराची झाली तरी मोसंबी सोलायला त्याच्यापुढंच आणून ठेवायची आणि तोही कौतुकानं सोलायचा.

सदाशिव पेठेतल्या सत्यशीला वकीलबाईंकडं हे असलेच खटले यायचे. साठीच्या बाई, बोलणं तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “घरातलं कुणी कधी कोर्टात गेलं होतं का? जुन्या जबान्यांवर जात हमखास असते.”

नियाज ताठ बसला. “बाई, आमच्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही.”

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या. “चढले असते तर बरं झालं असतं. तरी शोध घेऊ. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपली माणसं जास्त भांडलेली असतात.”

पुढं काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका दुपारी बाईंचा फोन आला. शहेजादला एकट्याला पाठवा म्हणाल्या. नियाज कसला ऐकतो! मुलाच्या मागं स्कूटरवर बसून तोही गेला. बाईंनी त्याला बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कागद मिळालाय,” त्या म्हणाल्या. “जात स्वच्छ लिहिली आहे. पण आधी तुमच्या मुलाला वाचू दे.”

“का? माझे वडील आहेत.”

बाईंनी नक्कल पुढं सरकवली. नियाज अक्षर लावून वाचायला लागला. मदिनाबी कोम गुलाब बागवान, म्हणजे गुलाबची बायको, अर्जदार. गुलाब वलद दगडू बागवान, जात बागवान, धंदा फळविक्री, राहणार मिरज, सामनेवाला. जात दिसल्याबरोबर शहेजादनं “मिळालं!” म्हणून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. नियाज मात्र ‘मिरज’वर अडकला होता. मग त्यानं वर लिहिलेलं साल बघितलं. त्रेसष्ट.

“हे चुकलंय,” तो म्हणाला. “अब्बा एकसष्टला पुरात गेले.”

“पुरानंतर गेले,” बाई हळू म्हणाल्या. “हा पोटगीचा अर्ज आहे. तुमच्या आईंनी केलेला. पुढं वाचा, नाहीतर वाचू नका. खरं म्हणजे नकाच वाचू.”

त्यानं वाचलं. आईची जबानी छोटी होती. पूर ओसरल्यावर नवरा मिरजेस बहिणीकडे म्हणून गेला तो परत आला नाही, त्याने तिथे दुसरा निका लावला, माझ्याजवळ अन्न नाही. त्याखाली बापाची. ‘अर्जदार बाईस मी तलाक दिला आहे. तिच्याजवळ असलेला मुलगा माझा नाही.’ आणि त्याच्याखाली, आईच्या वकिलानं घेतलेल्या उलटतपासात: ‘आज सकाळी कोर्टाच्या आवारात मी त्या मुलास मांडीवर घेऊन मोसंबी दिली हे खरे आहे. कोणतेही मूल असते तरी दिली असती.’

नियाजनं कागद टेबलावर ठेवला. दगडी पायऱ्या. मोठं झाड. काळे डगलेवाले व्यापारी. शिवाजीनगर कोर्टावरून तो जन्मभर जात-येत होता. ते झाड त्याला कधी ओळखीचं वाटलं नव्हतं, कारण त्यानं ते मंडईत शोधलं होतं.

“निकाल तुमच्या आईंच्या बाजूनं आहे,” बाई म्हणाल्या. “मुलगा त्याचाच, म्हणून लिहिलंय. त्यानं वर अपील केलं, तेही फेटाळलं. असले कागद एरवी केव्हाच नष्ट होतात. अपिलाच्या गठ्ठ्यात राहिला म्हणून हा वाचला.”

म्हणजे बापानं ‘हा माझा नाही’ म्हणून दुसऱ्यांदा दाद मागितली, तेव्हा कुठं हा कागद टिकला. याला काय म्हणावं? नशीब म्हणावं तर नशिबालाही लाज वाटेल.

घरी आल्यावर दोन दिवस नियाजपुढं सून जिनतनं ठेवलेलं जेवण तसंच राहायचं. बापावरचा राग समजण्यासारखा होता. पण त्याला जास्त राग आला होता तो अम्माचा, आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. त्या सकाळी ती कोर्टात कुठंतरी खांबाआड उभी राहून बघत असणार. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात बाप फोडी घालत होता आणि ही बाई बघत होती, आणि आत जाऊन वकिलाला म्हणाली, हे विचारा त्याला. पोराचा सगळ्या जन्मातला एक घास, तो तिनं पुरावा म्हणून कोर्टात लावला. आणि संध्याकाळी पोरानं, तो माणूस कोण होता, असं विचारलं असणार तेव्हा तोच घास धुऊनपुसून त्याला परत दिला: अब्बा होते, मंडईत, पुराच्या आधी. पोटात अन्न नसलेल्या बाईनं आणखी काय करायला हवं होतं, हे नियाजला सांगता आलं नसतं. तरी राग जात नव्हता.

शहेजाद म्हणाला, “अब्बा, नको असेल तर नाही लावायचा हा कागद. मॅनेजमेंट कोट्यातून बघू काहीतरी.”

“कशानं बघणार आहेस? गाळा विकून?” नियाज म्हणाला. “लाव.”

“पण त्यात ते जे लिहिलंय...”

“लिहिलंय ते माझ्याबद्दल लिहिलंय. पोरीबद्दल नाही. लाव म्हणतो ना!”

एवढं बोलला खरा, पण आत त्यानं एक आडोसा उभा केला होता. बापाला खरोखरच शंका असेल. कुणीतरी मिरजेत कान भरले असतील, बायकोबद्दल नाही नाही ते सांगितलं असेल. माणूस फसतो. फसलेल्या माणसाला माफ करता येतं. त्या आडोशाला बसून तो जेवायला लागला, झोपायला लागला.

पडताळणी समितीपुढं सुनावणी जूनच्या शेवटी होती. मेहजबीन इस्त्रीचा ड्रेस घालून आजोबांशेजारी बसली होती. तिला सगळं माहीत होतं, अर्ज तिचाच होता. अधिकारी तरुण होते आणि सभ्य होते, त्यामुळं जास्तच त्रास झाला. त्यांनी जबानी दोनदा वाचली.

“मॅडम, जात सिद्ध होते. पण हा गृहस्थ शपथेवर म्हणतोय की मुलगा त्याचा नाही. मग त्याची जात यांना कशी लागते?”

“खालचा निकाल वाचावा,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “अपिलातही कायम आहे.”

“वाचला. पण निकालाचा आधार काय, तर मोसंबी. तो म्हणतोय, कुठल्याही मुलाला दिली असती. आपणही देतो की एखाद्या लहान मुलाला काही.” मग ते नियाजकडं वळले. “आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय का? सक्ती नाही.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली होती. पण नियाज उठून उभा राहिला. त्याला मेहजबीनचा हात दिसत होता, ओढणीचं टोक पिळत असलेला.

“साहेब, ती मोसंबी मी खाल्ली आहे,” तो म्हणाला. “मी जन्मभर फळं विकली. परक्या पोराला फळ देणारे रोज बघितले. माणूस फार तर डोक्यावरून हात फिरवतो आणि अख्खं फळ हातात देतो. मांडीवर घेऊन सोलत नाही. फोड उघडून बिया काढत बसत नाही. त्यांनी एकेक बी काढली होती साहेब, आणि बी राहिली नाही ना म्हणून बोटानं चाचपून मग तोंडात घालत होते. तसं फक्त आपल्या पोराला भरवतात. मी माझ्या पोरांना भरवलंय, मला माहीत आहे. त्यांनाही...”

तो थांबला. अधिकाऱ्यांना वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

त्यांनाही माहीत होतं, असं वाक्य होतं. ते तोंडात आलं आणि नियाजला समजलं आपण काय करून बसलो. शंकाबिंका काही नव्हती. कुणी कान भरले नव्हते. सकाळी बिया काढून भरवलं, हात पुसले आणि तासाभरानं आत जाऊन सांगितलं, हा माझा नाही. माहीत असून सांगितलं. इतके दिवस जपलेला आडोसा त्यानं भर कचेरीत आपल्याच हातानं पाडला होता, आणि समोरचे साहेब ते सगळं टाइप करून घेत होते.

“त्यांनाही माहीत होतं,” त्यानं वाक्य पुरं केलं आणि सही केली.

दाखला आठवडाभरात झाला. मेहजबीननं तो लॅमिनेट करू नकोस असं तीनदा बजावून बापाकडं दिला. जिनतनं शिरखुर्मा केला. सत्यशीलाबाईंनी फोनवर “अखेर पायरी चढलात” एवढंच म्हटलं आणि त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण लगेच त्यांनी प्रकृतीची चौकशी केली.

मग बारा जुलै आला. सकाळी शहेजाद गाळ्यावर न जाता घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, “अब्बा, आज फातिहा... म्हणजे, द्यायचा का? ते गेले कधी, कुठं, काहीच माहीत नाही. तारीख तरी कुठली धरायची?”

“हीच,” नियाज म्हणाला. “अम्मानं नेमून दिलेली आहे. ती म्हणाली पाण्यानं नेलं, तर पाण्यानंच नेलं. कोर्टापेक्षा मी तिचं ऐकीन.”

त्याला एक कबूल करावंसं वाटत होतं, पण मुलाला ते सांगण्यासारखं नव्हतं. पाण्यानं खरंच नेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. सख्ख्या बापाबद्दल असं वाटून घेण्याचीही त्याला शरम वाटली.

फातिहा झाला. ताट उचललं. मेहजबीननं नेहमीसारखी ताटातली मोसंबी उचलली आणि आजोबांपुढं ठेवून जमिनीवर बसली. तिच्या कॉलेजचं, वाघोलीच्या बसचं काहीतरी बोलत होती.

नियाजनं मोसंबी घेतली. दोन्ही तळव्यांत घोळवली. अंगठ्याचं नख देठाशी टेकवलं. एवढ्यावर हात थांबला आणि पुढं जाईना. मेहजबीन त्याच्या हाताकडं बघायला लागली. त्यानं पुन्हा एकदा घोळवली, बराच वेळ घोळवत राहिला, आणि मग ती मोसंबी तशीच, अख्खी, तिच्या हातात दिली.