मिठाचं माप

शटर अर्धं वर गेलं तोच बाळारामच्या नाकाला कळलं, आत काहीतरी मेलंय. उंदीर मेला असता तर परवडलं असतं. मेला होता माल.

प्रत्येक बॅचची एक बाटली फळीवर ठेवायची हा बाळारामचाच नियम. त्यातल्या मागच्या महिन्याच्या शिकेकाई शाम्पूच्या तीन बाटल्या पोट फुगवून बसल्या होत्या. त्याने एकीचं बूच फिरवलं. फस्स करून हवा सुटली आणि मागून ओहोटीनंतर खाडीच्या चिखलात कुजणाऱ्या मासळीसारखा भपका आला. त्याने बूच पुन्हा घट्ट लावलं आणि स्टुलावर बसून राहिला. चिडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

नवघर रोडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा तळमजल्याचा गाळा. बाळाराम भोईर इथे सोळा वर्षं मिक्सिंग करत होता. कागदावर हेल्पर, शिक्षण सातवी, घर खाडीला लागूनच, राई गावात. बाप आणि आजा मिठागरात राबले. मिठागर बंद पडलं, वर भराव आला, भरावावर बिल्डिंग आली, आणि बाळाराम सायकल मारत भाईंदर पूर्वेला शाम्पू ढवळायला आला.

पुस्तक न वाचता तो सगळं शिकला. निळ्या पिंपातली जाड पांढरी पेस्ट मळ काढते आणि फेस आणते. खोबरेलापासून केलेलं पिवळं चिकट औषध तो फेस टिकवतं. लिंबूसत्त्व घातलं नाही तर माल डोळ्याला झोंबतो. चमक वेगळी घालायची, रंग वेगळा, सेंट सगळ्यात शेवटी आणि माल थंड झाल्यावर, नाहीतर उडून जातो. फॉर्मलिन थोडंसंच घालायचं, पण घालायचंच. नाक जळतं त्याने, पण पाण्यात किडे पडू नयेत म्हणून तेच उभं असतं.

आणि मीठ. साधं खायचं मीठ. पेस्टच्या पाण्यात मीठ टाकलं की ते दाटतं. गिऱ्हाईक दुकानात बाटली आडवी करून बघतं, आतला माल सावकाश सरकला की म्हणतं, वा, भारी आहे. तो सगळा भारीपणा मिठाचा. पण त्याला हद्द असते. हद्दीपलीकडे मीठ गेलं की तोच माल कोसळतो, पाण्यासारखा पातळ होतो. मग देव खाली उतरला तरी त्याला उभा करू शकत नाही, नवी पेस्टच ओतावी लागते. पहिल्याच वर्षी मिठागराच्या सवयीने बाळारामने ढिला हात सोडला आणि दोनशे लिटर घालवले होते. त्यानंतर पंधरा वर्षांत एक बॅच चुकली नव्हती.

पण केमिस्ट तो नव्हता. केमिस्ट होते पंढरीनाथ सर. निवृत्त माणूस, बी.एस्सी. झालेले. त्यांचं सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीवर टांगलेलं, कारण लायसन्सला केमिस्ट लागतो. सर महिन्यातून एकदा यायचे, तीस कागदांवर सह्या करायचे, कटिंग चहा प्यायचे आणि जायचे. इस्टेटीतल्या सगळ्या गाळ्यांत हेच. माणसं हेल्पर म्हणून राबत होती आणि केमिस्ट म्हणून चौकटी कामाला होत्या.

त्या सोमवारी सर आले ते चहाला थांबले नाहीत. फुगलेली बाटली त्यांनी हुंगली आणि नाकाला रुमाल लावला.

"फॉर्मलिन कधीपासून बंद आहे?"

"मागच्या महिन्यापासून. शेठने लेबल बदललं. हे बघा ना." बाळारामने लेबल दाखवलं. 'शुद्ध आयुर्वेदिक. केमिकल अजिबात नाही.'

"आणि पेस्ट?"

"पेस्ट हाय की."

"मग ती काय झाडाला लागते?" सर खेकसले. "वर शिकेकाईचा काढा ओतताय. काढा म्हणजे किड्यांना जेवण! वसईच्या दुकानदाराचं पत्र आलंय ठाऊक आहे? एका लहान पोराचे डोळे सुजलेत. नाव कुणाचं आहे त्या कागदावर? माझं!"

ते स्टुलावर चढले, चौकट काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बगलेत मारून निघाले. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

दुपारी ईश्वरभाई शेठ आले. डागाकडे बघत त्यांनी खुर्ची ओढली.

"बाळाराम, शनिवारे इन्स्पेक्टर येतोय. तेरी लडकी बारावी सायन्स पास झाली ना? पेढा दिला होता तू."

"हां शेठ. पंचाहत्तर टक्के."

"केमिस्ट्री होती ना? बस! बारावी केमिस्ट्री चालते. ओरिजनल मार्कशीट आण. तिला यायची पण गरज नाही. पोरगी केमिस्ट, बाप मिक्सिंग. घरचा मामला!"

बाळारामने घरी कुणाला विचारलं नाही. पोरगी, शिवांगी, उत्तनला मामाकडे गेली होती. मंगळवारी सकाळी त्याने ट्रंक उघडून मार्कशीट काढली, शर्टाच्या आत छातीशी धरली आणि सायकलवर टांग मारली. शेठने त्याच दिवशी ती चौकटीत घालून आणली आणि पांढऱ्या डागावर टांगली.

मार्कशीटवर नाव छापलं होतं: भोईर शिवांगी बाळाराम.

काचेखाली, टाइपात, स्वतःचं नाव. सोळा वर्षांत या गाळ्यात त्याचं नाव हजेरीच्या वहीशिवाय कुठे नव्हतं, तिथेही नुसतं 'बाळा'. दिवसभर ढवळताना त्याची मान त्या भिंतीकडे वळत राहिली. पॅकिंगला बसणाऱ्या गोदूबाईने ते हेरलं. ती राईचीच, त्याच्या आईच्या वयाची, तोंडाची तिखट.

"काय रं बाळाराम, पोरगी भितीवर टांगलीस?"

"केमिस्ट हाय आता ती."

"पोरीला म्हाईत हाय का?"

तो पुन्हा टाकीकडे वळला. गोदूबाईने एक बाटली उचलली, लेबल चिकटवलं आणि म्हणाली, "म्हंजे न्हाय म्हाईत."

बुधवारी संध्याकाळी शिवांगी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ट्रंकेशी गेली.

"बाबा, मार्कशीट कुठाय? परवा शेवटची तारीख. एफवाय बीएस्सीचा फॉर्म भरायचाय. ओरिजनल लागते, खिडकीवर दाखवल्याशिवाय घेत नाहीत."

बाळारामने सांगितलं. मनात ठरवलं होतं तसं ते सांगणं झालं नाही.

"म्हणजे मी केमिस्ट?" ती खाली बसली. "मी अजून लॅबमध्ये ब्युरेट सरळ धरत नाही, बाबा. कुठल्या मालावर नाव लावलंत माझं?"

त्याच्या डब्याच्या पिशवीत ती फुगलेली बाटली होती. का आणली होती ते त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याने ती पुढे केली. शिवांगीने बूच उघडलं आणि झटकन तोंड फिरवलं.

"हे माझं नाव?"

"माझं पन हाय त्यात," तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला लाज वाटली.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती बाटली तिने मोरीत नेऊन ओतली आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतत राहिली.

गुरुवारी शेठ येताच बाळाराम समोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, मार्कशीट द्या. पोरीचं ॲडमिशन हाय उद्या."

"शनिवारे इन्स्पेक्टर, सोमवारे घेऊन जा."

"उद्या शेवटची तारीख हाय."

"अरे, पुढच्या साली घेईल ॲडमिशन! इतनी जल्दी क्या है? आणि बीएस्सी करून काय करणार? शेवटी कुणाच्या भिंतीवरच टांगणार ना?" शेठ स्वतःच्या विनोदावर हसले. "मी लायसन्सचा फॉर्म पण भरून टाकला. तिची सही मीच केली. तू टेन्शन नको घेऊ. चल, टाकी चालू कर. चार वाजता सुरतचा टेम्पो येतोय, पाचशे लिटर पायजे."

सही मीच केली. हे वाक्य शेठ असं बोलले जसं कुणी म्हणावं, तुझा चहा मीच प्यायलो.

बाळारामने टाकी चालू केली. पेस्ट नेहमीच्या निम्मी, कारण पिंपात तेवढीच उरली होती आणि पुढचं पिंप सोमवारी येणार होतं. पाणी. काढा. फॉर्मलिनचा कॅन शेठच्या कपाटात, कुलपात. ढवळणीचा पंखा घरघरत फिरत होता आणि टाकीत तांबूस पाणी हेलकावत होतं. आता मीठ आणि शेवटचा सेंट तेवढा राहिला होता.

त्याने मापलं नाही. मिठाची गोणीच उचलली, पंचवीस किलोची, अजून निम्म्याच्या वर भरलेली. टाकीच्या पायरीवर चढला आणि गोणी काठावर टेकवली.

"शेठ."

शेठने हिशेबातून मान वर केली.

"भितीवरनं काढा ती. न्हायतर आख्खी गोणी आत जाईल."

"पागल झाला काय? मीठच आहे ना, घाल."

"एवढं घातलं तर माल पानी होईल. तुमाला म्हाईत हाय. पेस्ट सोमवारशिवाय न्हाय, टेम्पो चारला हाय."

गाळ्यात फक्त पंखा ऐकू येत होता. पॅकिंगच्या बाया हात थांबवून बघत होत्या. शेठ उठले. आधी हिंदीत शिव्या, मग गुजरातीत, मग मराठीत विनवणी. "सोळा साल माझं मीठ खाल्लं तू!"

"मीठ माझ्या बापानं पिकवलंय," बाळाराम म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढवायला आता काही उरलं नव्हतं. खांदा दुखत होता, गोणी जड होती, कुणीतरी लवकर काहीतरी करावं एवढंच त्याला वाटत होतं.

शेठ स्टुलावर चढले. चौकट काढली, मागचे खिळे उपसले, मार्कशीट ओढून काढली. एक कोपरा जरा फाटला.

"ही घे. आता शब्द दे, माप बरोबर घालशील."

"आधी तिकडं द्या."

गोदूबाईने हात लुगड्याला पुसले, मार्कशीट घेतली, घडी न घालता आपल्या जेवणाच्या पिशवीत सरळ ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

बाळारामने गोणी खाली ठेवली. घमेलं घेतलं. पहिलं माप टाकलं. पाणी जरा जड झालं. दुसरं टाकलं, पंख्याचा आवाज बदलला. तिसऱ्याला माल मधासारखा दाटला, चमकत, संथ फिरू लागला. शेठने श्वास सोडला. इतका सुरेख माल निम्म्या पेस्टमध्ये या इस्टेटीत दुसऱ्या कुणाला जमला नसता. बाळाराम त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या हाताचं काम होतं ते. बाटलीत गेलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, वा, भारी आहे. पंधरा दिवस. मग बाटलीचं पोट फुगलं असतं आणि ते कुठल्यातरी पोराच्या डोळ्यांत गेलं असतं.

त्याने गोणी पुन्हा उचलली आणि उलटी केली.

"अरे हरामी! शब्द दिला होता तू!"

"न्हाय शेठ. मी कुठं दिला?"

आधी काहीच झालं नाही. मग मधाला भेग पडल्यासारखं झालं, पंखा हलका फिरू लागला, आणि बघता बघता पाचशे लिटर शाम्पू तांबूस पाणी होऊन टाकीत सळसळू लागला. शेठने हात घालून बघितलं. बोटांतून धार गळाली.

बाळारामने बटण बंद केलं, घमेलं धुऊन नेहमीच्या जागी उपडं ठेवलं आणि शर्ट चढवला. खूप मोठं काही केलं असं त्याला वाटत नव्हतं. शेठने भरलेला फॉर्म मार्कशीटशिवाय रद्दी झाला होता, एवढंच. सोमवारी पेस्ट येईल. भिंतीवर दुसऱ्या कुणाची चौकट येईल, टाकीवर दुसरा हात येईल, लेबल तेच राहील. इस्टेटीत रांगेने गाळे होते आणि प्रत्येक गाळ्यात टाकी होती. सगळ्या टाक्यांना पुरेल एवढं मीठ त्याच्या बापाच्या मिठागरातसुद्धा नव्हतं.

गोदूबाईने पिशवीतून मार्कशीट काढून दिली. "उद्यापासनं मना सायकलवर कोन आननार?"

"तू पन येऊ नको."

"मी न्हाय आले तर खाऊ काय, तुझी मार्कशीट?" ती म्हणाली आणि पुन्हा लेबलं चिकटवायला बसली.

शुक्रवारी कॉलेजच्या खिडकीपाशी मोठी रांग होती. शिवांगी भिंतीला टेकून फॉर्म भरत होती, बाळाराम शेजारी उभा होता. मार्कशीटला सेंटचा वास चिकटला होता. फाटलेला कोपरा तिने रात्री मागून चिकटपट्टी लावून नीट केला होता. अजून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. पेन थांबलं.

"बाबा, वडिलांचा व्यवसाय. काय लिहू?"

बाळारामने रांगेकडे बघितलं. पुढे अजून तीस-चाळीस पोरं होती.

"मिक्सिंग लिही," तो म्हणाला.

तिने लिहिलं.