छोट्या आईला हाक

गर्भाशयाला आमच्यात मातेरित्सा म्हणतात. आईला लाडानं हाक मारावी तसा शब्द आहे, छोटी आई. हे नाव कुणी ठेवलं आणि का, असले प्रश्न माझ्या सासूबाईंना, पेर्सिदाबाईंना, कधी पडले नाहीत. त्यांच्या लेखी पोटात खरोखरच एक आई राहते, बाईच्या आणि बाप्याच्याही. जड ओझं उचललं, धसका घेतला, की ती जागा सोडून भटकते आणि माणूस अंथरूण धरतो. मग सासूबाई बेंबीखाली हात ठेवून तिला गोंजारत घरी बोलावतात. आमच्या डोंगरातली निम्मी माणसं त्या हाताखालून गेलीत, दाढीवाला पाद्रीसुद्धा.

या वर्षी मक्याच्या कापणीत माझी धाकटी जाऊ स्तामेना शहराच्या इस्पितळातून रिकाम्या हातानं परतली. बाळ जन्मून गेलं, रक्त थांबेना, म्हणून डॉक्टरांनी मातेरित्साच काढून टाकली. सासूबाईंनी सवयीनं तिच्या पोटावर हात ठेवला, थोडा इकडेतिकडे फिरवला आणि काढून घेतला.

"घर रिकामं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मनात खोट नव्हती, पण मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. स्तामेना तेव्हापासून स्वतःच्याच अंगात पाहुण्यासारखी वावरू लागली.

नाताळाआधी आमच्याकडे आयांचा सण येतो. त्याचं नावही त्याच शब्दाचं, मातेरित्से. पोरं लोकरीच्या दोऱ्यानं आयांचे पाय बांधतात आणि आया अक्रोड देऊन सुटका करून घेतात. त्याच्या आधीच्या रविवारी मोठ्यांनी पोरांना बांधायचं असतं. यंदा तेव्हा स्तामेनानं माझ्या लेकीला, विदाला, रुमालानं बांधलं होतं आणि पापी घेऊन सोडलं होतं. आता विदानं परतफेड करावी, आयांमध्ये आपलीही गणती व्हावी, एवढंच तिला हवं होतं. सणाच्या दिवशी तिनं सकाळीच अक्रोड ओच्यात घेतले आणि चुलीजवळ पाय जुळवून बसली.

सासूबाई मला दारामागे घेऊन गेल्या. "विदाला तिच्याकडे धाडू नकोस. आत आई नाही तिथं दोरा बांधला तर पोरीला बाधेल."

"तिला बाळ झालं होतं, आई. गेलं म्हणून काय झालं नव्हतं होय?"

"मी कुठं नाही म्हणते?"

"मग गप्प बसा," मी म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

मी दोरा विदाच्या हातात दिला. पोर धावत चुलीपाशी गेली, खाली बसली. "काकू, पाय दे!"

स्तामेनानं पाय बाकाखाली ओढून घेतले. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं.

"नको गं राणी. तुला काही झालं तर?"

"मग अक्रोड?"

"घे की. सगळे घे."

तिनं ओचा विदाच्या परकरात रिकामा केला. फुकटात मिळाले म्हणून पोर खूश, उंबऱ्यावर बसून फोडायला लागली. मला रडू आवरेना.

स्तामेना मात्र रडली नाही. तिनं पोटावर हात ठेवला आणि हळू आवाजात बोलू लागली, ये गं, घरी ये, चूल पेटलीय. सासूबाईंचेच शब्द होते ते.

सासूबाई दारात थबकल्या. मला वाटलं, आता हिला गप्प करतील. त्या आल्या, शेजारी टेकल्या.

"हात असा नाही, खाली. अन् दाबू नकोस, घाबरते ती," म्हणाल्या आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला.

मग दोघी मिळून हाक मारत राहिल्या. सासूबाईंच्या हाकेला आजवर छोटी आई आली नाही असं झालं नव्हतं. आज ती येणार नव्हती, आणि हाक मारता मारता आधी सासूबाईच रडू लागल्या.